वॉल्थर जीएसपी: एकच मूठ, .२२ आणि .३२ दोन्ही (वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव)

आधी निकाल सांगतो, मग खटला. जीएसपी या नेमबाजीच्या पिस्तुलासाठी .३२ चं युनिट (वरचा बदलता भाग) घ्यावं का? सेंटर फायर प्रकारात (२५ मीटरवरची, .२२ पेक्षा मोठ्या काडतुसांची स्पर्धा) खरंच उतरणार असाल तर घ्या. ‘जरा मोठं काडतूस मारून बघू’ एवढीच हौस असेल तर त्याच पैशांत .२२ ची काडतुसं घ्या, स्कोअर त्यानेच वाढेल.

जीएसपी हे १९६८ पासूनचं जर्मन पिस्तूल. दिसायला अगदीच ठोकळा. मॅगझिन मुठीत नाही, ट्रिगरच्या पुढे बसतं, त्यात पाच गोळ्या. खालची फ्रेम आणि लाकडी मूठ कायम ठेवायची. नळी, बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता तुकडा) आणि दोन्ही साइट्स (नेम धरायच्या खुणा) असलेला वरचा भाग अख्खा काढून दुसरा बसवायचा. नुसती नळी बदलून भागत नाही, कारण .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवर आपटते. .३२ मध्ये तो मसाला, म्हणजे प्रायमर, मधोमध. शिवाय .२२ ची गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि .३२ वॉडकटरची (सपाट तोंडाच्या काडतुसाची) सुमारे १००, म्हणजे बोल्ट जड आणि स्प्रिंग कडक हवी. थोडक्यात, मुठीच्या वरचं सगळंच वेगळं.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो, कारण रेंजवर नवी मुलं हाच प्रश्न विचारतात. हे कारखान्यात बनलेलं युनिट आहे. ते परवान्यावर नोंदवून, रीतसर कागदांनिशी घ्यायचं. ‘ओळखीचा एक कारागीर आहे, नळी बदलून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरलेत, आणि कलम ५ प्रमाणे विनापरवाना बनवणं-विकणंच नाही, रूपांतर आणि दुरुस्तीसुद्धा गुन्हा आहे. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. माझ्याकडे दोन्ही बोअरची (नळीच्या मापांची) नोंद आहे आणि कागदांची एक प्रत मी पिस्तुलाच्या पेटीतच ठेवतो. नाकाबंदीत पेटी उघडायची वेळ आली तर तोंडी समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

आता मुख्य गोष्ट, काडतूस. ‘.३२’ म्हटलं की आपल्याकडे दोन-तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने चालतात. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये लागतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ‘अशनी’ पिस्तुलात लागतं ते .३२ एसीपी, ते निराळं. जीएसपीच्या युनिटला यातलं पहिलं लागतं, पण तेही फक्त वॉडकटर. त्यात गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट, आतपर्यंत बसवलेली असते, टोक बाहेर येत नाही. रिव्हॉल्व्हरचं गोल नाकाचं काडतूस मॅगझिनमध्ये मावतच नाही, लांब पडतं. एका विक्रेत्याने (नाव घेत नाही) फोनवर छातीठोक सांगितलं होतं, ‘साहेब, बत्तीस म्हणजे बत्तीस, सगळं चालतं.’ नाही चालत. बाहेरून येणारं वॉडकटरच लागतं, ते वेळेवर मिळत नाही आणि मिळालं की .२२ पेक्षा कितीतरी महाग पडतं. वर्षभरात माझी सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. युनिटने कधी दगा दिला नाही, काडतुसांनी मात्र सराव कितीदा तरी बंद पाडला.

मग .३२ च का? सेंटर फायरला नियमाने ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालतं. मोठी गोळी मोठं भोक पाडेल आणि रेघेला शिवून वरचा गुण मिळेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. या प्रकारात कॅलिबर काहीही असो, गेज (भोकात घालून गुण ठरवायचं मापक) ९.६५ मिलिमीटरचाच लावतात. म्हणजे मोठ्या गोळीचा फायदा शून्य, धक्का मात्र पुरेपूर. साहजिकच सगळे सगळ्यात सौम्य काडतुसाकडे वळले, आणि ते म्हणजे .३२ वॉडकटर. हे काडतूस १८९६ पासूनचं आहे आणि २५ मीटरवर आजही त्याचं काही बिघडलेलं नाही. भारतीय नेमबाज जसपाल राणाने १९९४ ला हिरोशिमात आशियाई सुवर्ण जिंकलं ते याच सेंटर फायर प्रकारात, आणि २००६ ला दोहात ५९० गुण मारून विश्वविक्रमाची बरोबरी केली तीही यातच. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा प्रकार नाही. सरकारी नोकरी किंवा शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर असलेल्या मुलांनी हे आधी लक्षात घ्यावं.

हातात काय फरक पडतो? .३२ चं युनिट बसवल्यावर पिस्तूल साधारण शंभर ग्रॅमने जड होतं, १४०० ग्रॅमच्या मर्यादेत राहून. ते वजन पुढच्या बाजूला येतं आणि मला ते आवडलं, साइट कमी भिरभिरते. धक्का मात्र .२२ सारखा टिचकीचा नाही, ढकलण्याचा आहे. मनगट सैल असेल तर नळी वर-उजवीकडे उडते. रॅपिडमध्ये (या प्रकाराच्या वेगाच्या टप्प्यात) लक्ष्य तीन सेकंद समोर आणि सात सेकंद पाठमोरं, दर वेळी गोळी एकच. त्यामुळे धक्क्यातून सावरायला वेळ भरपूर मिळतो. खरी भानगड धक्का बसण्याच्या आधीची आहे: बोट ट्रिगरवर दाब देतानाच हात आपोआप खाली दबतो. यावर रेंजवरच्या एका ज्येष्ठ काकांचा उपाय मी अजून वापरतो. मॅगझिन दुसऱ्याने भरायचं आणि मध्येच कुठेतरी एक डमी काडतूस घालायचं. डमीवर ‘टिक’ झालं आणि फ्रंट साइट जागची हलली नाही, तर ठीक. साइट खाली डुचकली, तर त्या दिवशी .३२ पेटीत ठेवून .२२ काढायचं. ही गोळी .२२ पेक्षा हळू चालते, नळीतून बाहेर पडायला किंचित जास्त वेळ घेते. फॉलो-थ्रू (गोळी सुटल्यावरही नेम क्षणभर धरून ठेवणं) आखूड असेल तर .२२ वर नऊ मिळतो, .३२ वर आठ.

या सगळ्या खटाटोपाचं सार्थक एकाच गोष्टीत आहे: मूठ आणि ट्रिगर तेच राहतात. मूठ मी कानस आणि पुट्टीने महिनोन्‌महिने हाताला बसवून घेतली आहे. दुसरं पिस्तूल घेतलं असतं तर ते सगळं पहिल्यापासून. साइट्स वरच्या भागावरच असल्याने प्रत्येक युनिटचं झिरोइंग (साइट्स लक्ष्याच्या मध्याशी जुळवणं) त्याच्यापाशी राहतं. युनिट अदलाबदल करून मी पहिल्या पाच गोळ्या नेहमी बघतो. भोकांचा गट सरकलेला फारसा दिसला नाही. अदलाबदलीला चहा निवेपर्यंतचा वेळही लागत नाही. फक्त काढण्याआधी मॅगझिन बाहेर आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं, हे डोळ्यांनी आणि करंगळीने दोन्हींनी तपासायचं.

मुंबईकरांसाठी पावसाळ्याचं थोडं सविस्तर सांगतो. वरळीची खारी हवा आणि जुलैतली दमट कपाटं यांत पिस्तुलाचं वय झपाट्याने वाढतं. जे युनिट वापरात नाही तेच आधी गंजतं. माझ्या .३२ च्या फ्रंट साइटच्या मुळाशी एका पावसाळ्यात मोहरीएवढे तांबूस ठिपके उठले. कारण पेटीतला फोम. तो ओल धरून ठेवतो आणि धातूला चिकटून बसतो. आता पावसात पिस्तूल फोममध्ये ठेवत नाही. तेलाचा हलका हात फिरवून, गंजरोधक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. तेल मात्र बेताचंच. .२२ च्या गोळीवर मेण-चरबी असते, त्यात जास्तीचं तेल मिसळलं की बोल्टमध्ये काळा चिखल होतो आणि मग काडतूस मिसफायर होतं. .३२ मध्ये चिखल कमी, पण मऊ शिशाचा थर नळीत बसतो. त्याला पितळी ब्रश लागतोच. अक्रोडाची मूठही पावसाळ्यात किंचित फुगते, स्क्रू ऑक्टोबरमध्ये पुन्हा आवळून घ्यावे लागतात.

सेकंडहँड युनिट घेत असाल तर नळीवरचा नंबर कागदांशी अंकागणिक पडताळा, मॅगझिन .३२ चंच आहे ना बघा, आणि ट्रिगरचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) मोजा. पूर्वी सेंटर फायरला किमान १३६० ग्रॅमचा नियम होता, त्यामुळे जुन्या संचांसोबत तो जड ट्रिगर येतो. आता किमान १००० ग्रॅम चालतं. ट्रिगरचा संच वेगळा निघतो, तेव्हा दोन्ही युनिटांना एकच १००० चा लावा आणि जड संच विकणाऱ्याला परत देऊन किंमत उतरवून घ्या.