पॅनेल नवं, ओरखडा मात्र माझाच

लॅपटॉपवर पाणी सांडलं तरी तो बंद पडला नाही, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी ‘मराठी’ टाइप केलं तर पडद्यावर ‘रठी’ उमटलं. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टाइप करायच्या एका ठरलेल्या की-बोर्ड मांडणीवर लिहितो. त्यात ‘ई’च्या बटणावर काना, ‘सी’वर म आणि ‘डी’वर पाय मोडायचं चिन्ह असतं. तिन्ही बटणं एकदम गेली होती. की-बोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. एक रेषा गंजली की तिच्यावरची सगळी बटणं मुकी होतात. बाहेरून यूएसबी की-बोर्ड जोडून पाहिला, तर काना-मात्रा सगळं जागेवर. म्हणजे बदलायचा होता फक्त की-बोर्ड. इथवर माझं काही चुकलं नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, हा एकटा निघत नाही. वरचं पॅनेलच बदलावं लागेल, टचपॅडच्या बाजूच्या भागासकट.” हे अगदीच खोटं नाही, आणि म्हणूनच मी फसलो. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये की-बोर्डला स्क्रू नसतात. प्लॅस्टिकच्या डझनावारी खुंट्यांची टोकं वितळवून तो पॅनेलला पक्का केलेला असतो. तो सोडवायचा तर प्रत्येक टोक खरवडावं लागतं, त्यामुळे अनेकदा अख्खं पॅनेलच बदलतात. हे मी आधी वाचलेलं होतं, म्हणून नुसत्या की-बोर्डच्या जवळजवळ तिप्पट पैसे मुकाट्याने मोजले. वर त्याने पासवर्ड मागितला, तोही दिला! बटणं तपासायला माझं खातं कशाला हवं होतं? एक वेगळं रिकामं खातं उघडून दिलं असतं तरी भागलं असतं. नंतर सगळीकडचे पासवर्ड बदलत बसलो.

दुकानात मी चार अक्षरं टाइप केली, काना उमटला, खूश होऊन घरी आलो. रात्री दिव्याखाली लिहायला बसलो तर टचपॅडच्या डावीकडे एक तिरका ओरखडा दिसला. माझ्या घड्याळाच्या पट्ट्याने पडलेला. नव्या पॅनेलवर माझाच जुना ओरखडा!

मग एकेक दिसू लागलं. मधली बटणं दाबली की अख्खा की-बोर्ड गादीसारखा खाली जायचा. बटणांखालचा उजेड गायब झाला होता. ‘ए’, ‘एस’ आणि स्पेसबार गुळगुळीत चमकत होते. नव्या बटणांना अशी चकाकी नसते, ती बोटांनी घासून घासून येते.

राग अनावर होऊन मी एका जाणकार मित्राला बोलावलं आणि आम्ही लॅपटॉप उघडला. निम्म्या खुंट्या सोल्डरिंगच्या गनने कशाबशा वितळवलेल्या, बाकी काम डिंकावर. उजेडाची पट्टीवायर ज्यात बसते तो कनेक्टर रिकामा, कारण बसवलेल्या की-बोर्डला उजेडच नव्हता. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या यंत्रातला असावा.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. “जुनं पॅनेल कुठे आहे?”

“ते भंगारात दिलं.”

ते पॅनेल आम्हा दोघांच्या मधे टेबलावर होतं. ओरखडा दाखवल्यावर तो थंडपणे म्हणाला, “तुम्ही उघडलात ना? आता आमची जबाबदारी संपली.” बिल पाहिलं तर त्यावर ‘की-बोर्ड काम’ एवढंच. पॅनेल हा शब्द कुठेच नाही.

उघडण्याची घाई केली नसती, आधी फोटो काढून तसाच परत नेला असता, तर निदान भांडायला जागा राहिली असती. त्याहून आधी करायच्या गोष्टी वेगळ्याच. देताना वरच्या भागाचे जवळून फोटो काढा, ओरखड्यांसकट. बिलावर नेमका कोणता भाग, त्याचा पार्ट नंबर आणि तो नवा की वापरलेला, हे लिहून घ्या. जुना भाग हातात मागा. द्यायला कां-कूं केली तर तिथेच थांबा. आणि पैसे देण्याआधी प्रत्येक बटण दाबा, शिफ्ट धरूनही. माझ्यासारखी चार अक्षरं नव्हे.

परवा दुसऱ्या एकाला दाखवला. त्याने आत नजर टाकली आणि मान हलवली. खुंट्या इतक्या जाळल्यात की त्यांवर नवा की-बोर्ड धरणारच नाही. आता खरोखरच अख्खं पॅनेल बदलावं लागेल म्हणे.