मावळा, शिलेदार की मराठा पलटणीतला शिपाई? पुण्यात रीएनॅक्टमेंट सुरू करणाऱ्यांसाठी

रीएनॅक्टमेंट करायचीय, म्हणजे जुन्या काळच्या सैनिकासारखं जगून बघायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो: कुठल्या सैनिकासारखं? कपडे, खर्च, सराव, कायदा, सोबती, सगळं या एका उत्तरावर ठरतं. पुण्यात राहणाऱ्यासमोर तीन वाटा आहेत. सतराव्या शतकातला मावळा, पेशवाईतला घोडेस्वार शिलेदार, आणि दुसऱ्या महायुद्धातला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. तिन्हींची बाजू मांडतो. माझा कल कुठे आहे तेही लपवणार नाही.

एक फरक आधी सांगायला हवा. शिवजयंतीची मिरवणूक मला प्रिय आहे, लहानपणापासून मी तिच्यात चालत आलोय. पण तिथला पोशाख बघणाऱ्यांसाठी असतो. रीएनॅक्टमेंटमध्ये अंगावरच्या प्रत्येक वस्तूला ‘कशावरून?’ असं विचारलं जातं आणि उत्तर द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये १९६८ साली सुरू झालेली ‘सील्ड नॉट’ ही मंडळी १६४२ ते १६५१ या काळातली त्यांची यादवी अशीच उभी करतात. त्याच दशकात इकडे पुणे जहागिरीत स्वराज्याचा डाव मांडला जात होता. बंदूकही दोन्हीकडे एकाच जातीची, पेटत्या तोड्याने, म्हणजे जळत्या वातीने, बार उडवायची. मग हे आपल्या मातीत का होऊ नये?

पुरावा कोणाकडे किती

गंमत अशी की सगळ्यांना मावळा व्हायचं असतं आणि साध्या मावळ्याचाच पुरावा सगळ्यात विरळ आहे. १६९४च्या सुमाराची सभासद बखर सैन्याची रचना सांगते: पायदळात दहा माणसांमागे नाईक, त्यावर हवालदार, मग जुमलेदार, हजारी. पण त्या दहा जणांच्या अंगात काय होतं हे ती आपल्याला हवं तितकं सांगत नाही. इटालियन प्रवासी मनुची याच्या संग्रहातलं, मीर महंमद या चित्रकाराने काढलेलं घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात सोबत चालणारी पायदळाची माणसंही दिसतात. असे तुकडे जोडत जावं लागतं. काही गोष्टी मात्र निश्चित सांगता येतात. कापड हातमागाचं, शिलाई हाताची, बटणांऐवजी बंद, आणि रासायनिक रंग अजिबात नाही, कारण ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. म्हणजे चकचकीत भगवं सॅटिन बाद. जाडीभरडी बंडी, मांडचोळणा म्हणजे तोकडी विजार, मुंडासं, कमरेला शेला आणि खांद्यावर घोंगडी, एवढ्यात माणूस उभा राहतो.

पेशवाईचा पुरावा भरपूर, आणि तो पुण्यातच. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, इथेच आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून काम करतंय, आणि बाजीराव रस्त्याच्या केळकर संग्रहालयात हत्यारं जवळून बघता येतात. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स हा चित्रकार पुण्यात राहून दरबारातली माणसं रंगवत होता. पागोट्याची घडी कशी, दुशेला कुठे खोचलेला, हे अशा चित्रांत बघून शिकता येतं.

महायुद्धातल्या शिपायाच्या बाबतीत तर फोटोच आहेत. पट्टा कुठल्या नमुन्याचा, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला, सगळं तपासता येतं. ज्याला ‘बहुतेक असं असावं’ या वाक्याचा त्रास होतो, त्याने हीच वाट धरावी.

हत्यार आणि कायदा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नवखे इथेच अडकतात.

मी पहिली खरेदी तलवारीची केली. शोभेची होती, दिसायला सुरेख. सरावात दुसऱ्याच रविवारी पातं मुठीतून निसटलं आणि दहा-बारा फुटांवर जाऊन पडलं. समोर माणूस नव्हता म्हणून निभावलं. आतून बघितलं तर पात्याला बारीक सळई वेल्ड करून मुठीत घातलेली. शोभेच्या तलवारी अनेकदा अशाच बनवतात. ती भिंतीवर ठीक, हातात नाही.

शिवाय १९५९चा शस्त्र कायदा आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद धारदार पातं त्याच्या कक्षेत येतं. सण-उत्सवांच्या दिवसांत सार्वजनिक जागी शस्त्र बाळगायला बंदीचे पोलीस आदेश निघतात, ते वेगळेच. चालू स्थितीतली तोडेदार बंदूक हेही परवान्याशिवाय ठेवता न येणारं अग्निशस्त्र. महायुद्धातल्या थ्री-नॉट-थ्री रायफलचं तर नावच काढू नका. म्हणून तिन्ही वाटांवर सुरुवात लाकडानेच. मावळ्याला यात फारसं काही गमवावं लागत नाही. मर्दानी खेळ शिकवणारे उस्तादही आधी लाठीच हातात देतात, पवित्रे आणि पायांची चाल त्यातूनच बसते. दांडपट्ट्याची ओढ मी समजू शकतो, पण त्याची मूठ हात कोपरापर्यंत झाकते, मनगट वळतच नाही, वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. लाठी पक्की नसेल तर पट्टा आपल्याच पायावर येतो.

शिपायाची अडचण वेगळी. त्याची मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटण आजही सेवेत आहे. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेश घालणं हा गुन्हा आहे. म्हणून आजची बिल्ले-चिन्हं अजिबात नकोत, पोशाख जुन्या नमुन्याचाच हवा, आणि तो कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर घालायचा. पीएमपीच्या बसमध्ये खाकी घालून बसू नका.

शिलेदाराबद्दल थोडक्यात

बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. हा फरक आजही खिशाला कळतो. पुण्याच्या आसपास घोडेस्वारी शिकता येते, पण गर्दीत, ढोल-ताशात, हातात भाला असताना घोडा सांभाळणं हे काही वर्षांचं काम आहे. आधीपासून बसता येत असेल तरच या वाटेला या. पानिपतावर गेलेल्या स्वाराचं मोल तेव्हाच कळतं, हे मात्र खरं.

मग निवड कशी करायची

डोंगर चढायची सवय असेल आणि अंगमेहनत आवडत असेल तर मावळा. माझं मतही तेच. खर्च सर्वांत कमी, चूक झाली तर दोन मीटर मांजरपाटाची. हातमागाची खादी लक्ष्मी रस्त्याला मिळते, घोंगडी धनगराकडून थेट घ्या. पावसात ती भिजून किती जड होते हे एकदा राजगडावर अनुभवलं की बखरीतल्या मुक्कामाच्या ओळी वेगळ्या वाचल्या जातात. गड संरक्षित आहेत. राजगड, शिवनेरी आणि लोहगड २०२५पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहेत. तिथे चूल पेटवायची नाही, कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी घ्यायची. छावणी पायथ्याच्या गावात, शेतमालकाला विचारून लावा. जेवणात बटाटा नको, साबुदाणा नको, चहाही नको. नाचणीची भाकरी, कांदा, ताक.

शत्रू कोण होणार, यावरून नव्या गटात रुसवेफुगवे होतात. विजापूरच्या आणि मोगलांच्या फौजेतही मराठा सरदार आणि त्यांची माणसं होती. कपडे जवळपास तेच. आळीपाळीने बाजू बदला.

घरात आजोबांचं पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, तर मात्र मी मावळ्याचा आग्रह धरणार नाही. मराठा पलटणीच्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी लढता लढता पडले, आणि अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी सोबत्यांना पाण्यातून उचलून आणणारे. अशा माणसांची आठवण गावोगाव आहे, आणि ती सांगणारे झपाट्याने कमी होतायत. इनॅमलचा मग, जुनी ट्रंक, कॅनव्हासची पिशवी जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सापडते. आधी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एक सकाळ शांतपणे फिरून या. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. कापड त्यानंतर घ्या.