पोर्ट मारायचा, नवं सिम घ्यायचं की दोन्ही सांभाळायचे?

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी सुरू झालं. विदर्भातलं घाटंजी असो, धारणी असो की एटापल्ली, कंपनी बदलू पाहणाऱ्या कास्तकारापुढे आता तीन वाटा आहेत. आहे तोच नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा, म्हणजे पोर्ट मारायचा. दुसऱ्या कंपनीचा नवा नंबर घेऊन जुना सोडून द्यायचा. किंवा दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही ठेवायचे. बहुतेक जण पॅकचा दर पाहून ठरवतात. माझं म्हणणं असं, की आधी तुमचा नंबर कुठंकुठं लागलेला आहे ते पाहा, मग पॅकचा दर पाहा.

एक गोष्ट अगोदर समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. नंबर कंपनीचा नसतो आणि तुमचाही नसतो. देशातले सगळे फोन नंबर सरकारच्या ताब्यातले. दूरसंचार विभाग ते कंपन्यांना गठ्ठ्यानं वापरायला देतो. पहिले चार आकडे ठरवून दिले की मागं सहा उरतात, म्हणजे एका गठ्ठ्यात १० लाख नंबर. कंपनीला आणखी हवे असतील तर आधीचे किती वापरात आहेत हे दाखवावं लागतं. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीसारखं समजा: वहिवाट तुमची, मालकी सरकारची. वहिवाट सुटली की तो नंबर दुसऱ्याला जातो.

आणि तो जातोच, कारण नंबरांची चणचण आहे. २००३ ची राष्ट्रीय नंबर योजना २०३० पर्यंत ७५ कोटी जोडण्या होतील या अंदाजानं आखलेली होती. तो आकडा २०१० मध्येच ओलांडला. आधी ९ नं सुरू होणारे मोबाईल नंबर होते, मग ८, ७ आणि ६ नं सुरू होणारेही आले. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य दाबावा लागतो, तोही नंबर मोकळे करण्यासाठीच. त्यातून अडीचशे कोटींच्या वर नंबर मिळतील असा सरकारचा हिशोब होता. टाकून दिलेला नंबर पडून ठेवणं कुणालाच परवडत नाही.

म्हणून दुसऱ्या वाटेबद्दल, जुना नंबर सोडून देण्याबद्दल, आधी बोलतो. ही वाट सगळ्यात सोपी दिसते. आठवडी बाजारात छत्रीखाली बसलेला पोरगा आधार घेतो, अंगठा घेतो आणि सिम हातात ठेवतो. पहिल्या रिचार्जवर सूट असते. जुनं सिम काढून कुठंतरी ठेवलं जातं आणि विसरलं जातं.

तीन महिने त्या सिमवर काहीच घडलं नाही, कॉल नाही, मेसेज नाही, डेटा नाही, तर कंपनीला तो नंबर बंद करता येतो. बंद झाल्यावर किमान ९० दिवस तो कुणाला द्यायचा नाही, असं ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर तो नव्या गिऱ्हाइकाच्या हाती पडू शकतो. म्हणजे दिवाळीत टाकून दिलेलं सिम पेरणीपर्यंत दुसऱ्याच्या फोनमध्ये वाजत असू शकतं, आणि तुमच्या बँकेत, आधारला, महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला, गॅसच्या पुस्तकाला अजून तोच नंबर लागलेला असतो. ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातो. तो माणूस चांगला असला तरी तुमचं काम अडतंच.

अलीकडे यावर थोडा लगाम आला आहे. बंद झालेल्या नंबरांची यादी निघते आणि बँकांनी ती पाहून आपल्या नोंदी साफ करायच्या असतात. यूपीआयच्या बाबतीत तर आठवड्यातून एकदा तरी नोंदी ताज्या करायच्या, असा नियम २०२५ पासून आहे. यानं तुमचे पैसे वाचतील, पण तुमचं यूपीआयही बंद पडेल. आधारला नवा नंबर लावायचा म्हणजे बहुधा आधार केंद्र, पैसे आणि एका दिवसाची मजुरी. पीएम किसानचं ई-केवायसी, फार्मर आयडी, सीसीआयला (सरकारच्या कापूस महामंडळाला) कापूस विकण्याची नोंदणी, हे सगळं ओटीपीवर चालतं. सेतू केंद्रावर लोक परत पाठवले जातात, त्यात ‘मोबाईल नंबर बंद आहे’ हे कारण फार वेळा ऐकू येतं. घरातल्या मुख्य नंबरासाठी ही वाट मी कुणालाही सुचवणार नाही.

आता पोर्ट. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात हे सुरू झालं आणि जानेवारी २०११ मध्ये देशभर आलं. ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यातही नंबर नेता येतो. सिरोंचा किंवा पांढरकवड्याकडून तेलंगणात कामाला जाणाऱ्यांना हे उपयोगाचं आहे, पण मी तरी म्हणेन की हंगामापुरतं जाणाऱ्यानं नंबर हलवू नये. देशात कुठंही कॉल घेता येतो आणि गावाशी जोडलेला नंबर गावच्या सर्कलमध्येच, म्हणजे फोन सेवेच्या विभागातच, बरा. आपलं सर्कल ‘महाराष्ट्र’. त्यात विदर्भ येतो, गोवाही येतो, मुंबई तेवढी वेगळी.

रीत अशी. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर लिहायचा आणि १९०० ला मेसेज पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो. तो चार दिवस चालतो. नव्या कंपनीच्या दुकानात कोड आणि आधार द्यायचं. आपल्याच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच दिवसांत नंबर हलतो. बदलाच्या वेळी काही तास फोन मुका राहतो. नंबर हलवण्याच्या व्यवहाराचा दर नियमानं ६ रुपये ४६ पैसे आहे. दुकानदार ‘पोर्टिंग चार्ज’ म्हणून दोनशे मागत असेल तर तो रिचार्ज आहे की आणखी काही, हे स्पष्ट विचारा.

१९०० वरचा मेसेज अडवणं हा कंपन्यांचा जुना डाव होता. स्वस्त पॅकमध्ये मेसेजच द्यायचे नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक निघूच शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायनं ते मोडून काढलं: रिचार्ज कितीचंही असो, १९०० ला मेसेज गेलाच पाहिजे. तुमचा जात नसेल तर गप्प बसू नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा. हा हक्क लोकांना दहा वर्षांहून जास्त काळ आहे, तरी खेड्यात अजून कंपनीच्या मेहेरबानीसारखा मागितला जातो. याचं मला वाईट वाटतं.

कोड न मिळण्याची खरी कारणं थोडी आहेत. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसणं. पोस्टपेडचं बिल थकलेलं असणं. जुलै २०२४ पासून आणखी एक: हरवलेलं सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्ट होत नाही. चोरानं दुसऱ्याचं सिम काढून नंबर पळवू नये म्हणून ही अट आहे, आणि ती मला पटते.

खेड्यात खरी अडचण वेगळीच निघते. सिम कुणाच्या नावावर आहे? आईच्या हातातला फोन पुण्याला कामाला गेलेल्या पोराच्या आधारवर काढलेला असतो, सालदाराचा मालकाच्या नावावर. पोर्टसाठी ज्याच्या नावावर नंबर आहे तोच माणूस लागतो. मालकी बदलण्याचा अर्ज चालू असताना पोर्ट होत नाही, म्हणून आधी नंबर आपल्या नावावर करून घ्या. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त चालत नाहीत. दारूच्या उधारीपायी आधारची झेरॉक्स देणारे गावोगावी आहेत, त्यांच्या घरच्यांनी ही यादी जरूर पाहावी.

रेंजचं काय? कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे टाकले आहेत. त्यावरून तालुका कळतो, तुमचं वावर कळत नाही. मेळघाटात एका टेकडीच्या अल्याड रेंज असते, पल्याड नसते. शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम घटकाभर आपल्या फोनमध्ये घालून घरात, वावरात आणि मोटरीपाशी फोन लावून पाहणं, याहून खात्रीची परीक्षा नाही. आणि फोन कोणता तेही पाहा. जिओला टू-जी, म्हणजे जुन्या साध्या फोनचं नेटवर्क, नाही. म्हाताऱ्या माणसाचा जुना बटनांचा फोन तिथं चालणार नाही, मग नंबर पोर्ट होऊन आला तरी हातात काही वाजणार नाही. विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरचंही तसंच आहे. बरेचसे स्टार्टर टू-जीवरच चालतात.

तिसरी वाट, दोन्ही ठेवण्याची. जिथं एका कंपनीची रेंज गावात आणि दुसरीची शेतात, तिथं दुसरा इलाज नाही. खर्च दुप्पट होऊ नये म्हणून जुन्या नंबरावर फक्त कॉल-मेसेजचा पॅक मारा. डिसेंबर २०२४ च्या नियमानं कंपन्यांना डेटाविना पॅक द्यावे लागतात, तेही ३६५ दिवसांपर्यंतचे. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, मागावे लागतात. २०१३ पासून आणखी एक नियम आहे: प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर नुसत्या न वापरण्यावरून नंबर कापता येत नाही. पण अनलिमिटेड पॅक मारणाऱ्याच्या मुख्य खात्यात बहुधा शून्यच असतं. टॉपअप वेगळा टाकावा लागतो.

स्टार्टरचं सिम मात्र मुख्य नंबराशी मिसळू नका. ओलिताचे दिवस संपले की ते चार-पाच महिने पडून राहतं, आणि कापलं गेलं की पुढच्या हंगामात मोटर फोनला उत्तर देत नाही. नव्या कंपनीचा नवा नंबर घ्यायचाच असेल तर तो तिथं घ्या, बँकेला लागलेला नंबर तिथं अडकवू नका.

लँडलाइनवाल्यांना ही निवडच नाही. आपल्याकडे लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. यवतमाळचा ०७२३२ चा दुकानाचा नंबर पाटीवर रंगवलेला असेल तर तो त्याच कंपनीसोबत राहतो.

पोर्टचं पक्कं केलं असेल तर दिवस निवडा. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या नोंदणीची तारीख तोंडावर असेल, केवायसीची मुदत संपत आली असेल, तर थांबा. नोंदणी उरकली, पावती हातात आली, की सोमवारी सकाळी मेसेज टाका. सुट्टीचे दिवस तीन दिवसांत धरत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी मेसेज टाकला तर काम पुढच्या आठवड्यावर जातं.