आंबा घाटात नेक्सॉन ईव्ही, बाबांच्या मारुती ८००च्या तुलनेत

इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की लोक आधी रेंज विचारतात, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते. मी आधी घाट विचारते. माहेर साखरप्याला, सासर कोल्हापुरात आणि मध्ये आंबा घाट, त्यामुळे कुठलीही गाडी आमच्याकडे तिथेच पारखली जाते.

मी शिकले बाबांच्या मारुती ८००वर. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, आणि गारठ्यात चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायचं नाव नाही. चढाला एसी बंद, काचा खाली. बाबांचा नियम एकच: ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. खरी परीक्षा असायची ती वळणावर पुढचा ट्रक थांबला की. हँडब्रेक ओढायचा, क्लचवरचा डावा पाय हळूहळू सोडत न्यायचा, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होऊन स्टीअरिंगला बारीक थरथर आली की हँडब्रेक सोडायचा. ती थरथर मी आजही झोपेत ओळखेन. पेट्रोलच्या गिअरवाल्या गाडीवर माझं प्रेम आहे ते त्या थरथरीसाठी.

आता आमच्याकडे टाटांची इलेक्ट्रिक गाडी, २०२३ नंतरच्या रूपातली नेक्सॉन ईव्ही आहे, ४०.५ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची. चढ तिला जाणवतच नाही. जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, गिअर पाडायचा प्रश्नच येत नाही. उतारावर मात्र मी चकित झाले. स्टीअरिंगमागच्या पॅडलने रीजन, म्हणजे मोटरनेच गाडी आवरून वीज परत मिळवायची सोय, तीनवर ठेवायचं आणि अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. दुसऱ्या गिअरात धरल्यासारखी गाडी आपोआप आवरली जाते. मोटरच जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. आंब्याला दिसलेला बॅटरीचा आकडा साखरप्यात टक्का-दोन टक्क्यांनी वाढलेला असतो. ब्रेक लायनरचा तो जळका वास तर नाहीच.

एक गोष्ट सांगून ठेवते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, आणि रीजन जेमतेम लागतं. महाबळेश्वरला मुक्काम करून पसरणी घाट उतरणार असाल तर रात्री शंभर टक्के चार्ज करू नका.

गेलं काय? कान. इंजिनाच्या आवाजावरून वेग कळायचा, आता काट्याकडे बघावं लागतं. वळणाआधी गिअर पाडून गाडी आत घालण्यातली मजाही गेली, आणि तिची भरपाई कुठलाही स्क्रीन करत नाही. पण डावा गुडघा दुखत असताना कोल्हापूरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसणं ज्यांनी सोसलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

खर्चाचं सांगायचं तर युनिटला दहा-अकरा रुपये धरले तरी घरच्या चार्जिंगवर किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास पडतो. चाचणीतला ४६५ किलोमीटर रेंजचा आकडा कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीच्या आकड्यासारखाच चाचणीपुरता समजा. घाटरस्त्याला, एसी लावून, मी तीनशेच्या आतच हिशेब बांधते. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला पंधराएक तास लागतात, म्हणजे रात्रभर लावून ठेवायची.

त्रास आहे तो बाहेरच्या चार्जिंगचा. अॅपवर मोकळं दिसणारं मशीन प्रत्यक्षात बंद, आणि फोनवर पलीकडून नुसतं संगीत, हे आम्ही भोगलंय, तेही वयस्कर आई गाडीत असताना. हे सुधारलंच पाहिजे. कोकणात उतरण्याआधी परतीपुरती बॅटरी हाताशी आहे ना, हे मी अजूनही बघते.

पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल तर बिनधास्त घ्या. नसेल, किंवा सोसायटी परवानगी देत नसेल, तर तूर्त गिअरवाली पेट्रोलच बरी. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर उरकू नका. जवळचा घाट मागून घ्या, घरचे चारही जण बसवा, आणि उतारावर रीजन शून्य आणि तीन, दोन्हीवर चालवून बघा.