हिंकल फील्डहाउस : बघाच, पण तिथेच थांबू नका

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसला बास्केटबॉलच्या ओढीनं गेलेला माणूस बटलर विद्यापीठाच्या आवारातलं हिंकल फील्डहाउस हे बंदिस्त क्रीडागृह बघतोच, आणि बघण्यासारखंच आहे ते. १९२८ सालची वास्तू, पोलादी कमानींवर तोललेलं छप्पर, उंच खिडक्यांतून कोर्टवर उतरणारं ऊन. पूर्वी इथे पंधरा हजारांच्या आसपास माणसं मावत, नूतनीकरणानंतर आता सुमारे ९,१०० मावतात. जाण्याआधी बटलरच्या संकेतस्थळावर त्या दिवशी सामना किंवा समारंभ नाही ना, हे पाहून घ्या. असला तर निवांत फिरणं होत नाही. वेळ दुपारची ठेवा, कारण खिडक्यांचा खरा परिणाम उन्हातच कळतो. आणि कोर्टच्या कडेला फोटो काढून परत फिरू नका. अगदी वरच्या रांगेपर्यंत चढून जा. मार्च महिन्यात शालेय राज्य स्पर्धेच्या वेळी हे सगळं खच्चून भरायचं म्हणजे काय, ते तिथून समजतं.

आता मुख्य गोष्ट. हिंकलचं नाव निघालं की मायलन या छोट्या गावाच्या शाळेनं १९५४ साली जिंकलेलं शालेय बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद सांगितलं जातं. त्यावर पुढे सिनेमाही आला. ती गोष्ट गोड आहे, पण या इमारतीतली सर्वांत मोठी गोष्ट ती नव्हे. त्याच स्पर्धेत, याच कोर्टवर, अंतिम चारमध्ये जाण्याआधी मायलननं ६५-५२ असा ज्यांना हरवलं तो संघ होता क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूलचा. शहरातल्या काळ्या मुलांना वेगळं ठेवण्यासाठी १९२७ साली उघडलेली ही शाळा. मायलनकडून हरल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९५५ मध्ये, तिनं विजेतेपद मिळवलं.

इंडियानाची स्पर्धा तेव्हा एकच असे. लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत, हरलात की घरी. पण अ‍ॅटक्सला १९४२ पर्यंत त्यात प्रवेशच नव्हता. राज्य क्रीडा संघटनेचं कारण असं की, एकाच वंशाच्या मुलांना घेणारी शाळा ‘सार्वजनिक’ ठरत नाही. आधी मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचं, मग वेगळे आहात म्हणून स्पर्धेबाहेर ठेवायचं! त्या वर्षांत अ‍ॅटक्सचा संघ सामन्यांसाठी दूरदूरच्या, परराज्यांतल्या काळ्या शाळांकडे प्रवास करायचा. शाळेचं व्यायामगृह इतकं छोटं की प्रेक्षकांसाठी तिथे सामने भरवणं अशक्य. त्यामुळे प्रवेश मिळाल्यावरही हक्काचं कोर्ट नव्हतंच, ‘घरचे’ सामने दुसऱ्यांच्या कोर्टवर व्हायचे. हिंकल, म्हणजे तेव्हाचं बटलर फील्डहाउस, त्यांपैकी एक. वरच्या रांगेत बसून कोर्टकडे बघताना एवढं लक्षात असलं तरी पुरे.

१९ मार्च १९५५. अ‍ॅटक्सचे प्रशिक्षक रे क्रो, संघात पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेला ऑस्कर रॉबर्टसन. अंतिम चारमध्ये पोचण्याआधी मन्सी सेंट्रलविरुद्ध ७१-७० अशी एका गुणानं सुटका झाली होती. अंतिम सामना मात्र एकतर्फी झाला : ९७-७४. समोर गॅरी रूझवेल्ट, तीही काळ्या मुलांचीच शाळा. सर्वांसाठी खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत फक्त काळ्या विद्यार्थ्यांच्या शाळेनं विजेतेपद मिळवण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ. इंडियानापोलिस शहराचंही ते पहिलंच विजेतेपद. पुढच्या वर्षी ३१ पैकी ३१ सामने जिंकून त्यांनी ते राखलं. त्या अंतिम सामन्यात रॉबर्टसनचे एकट्याचे ३९ गुण होते.

म्हणून सुचवणं असं की हिंकलहून निघा आणि १९५५ च्या त्या रात्री संघाला घेऊन निघालेल्या अग्निशमन गाडीची वाट धरा. गाडीनं साधारण नऊ किलोमीटरवर, शहराच्या मध्यभागी मॉन्युमेंट सर्कल आहे. विजेत्या संघाचा जल्लोष तिथेच करायचा, ही रीत. अ‍ॅटक्सच्या मुलांना मात्र सर्कलला एक फेरी मारून थेट नॉर्थवेस्टर्न पार्कला, काळ्यांच्या वस्तीत नेण्यात आलं. रॉबर्टसननं हा सल पुढे अनेकदा बोलून दाखवला आहे. ते उद्यान आज वॉटकिन्स पार्क नावानं आहे. सर्कलपासून वायव्येला, गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. जुन्या नावानं नकाशात शोधलंत तर सापडणार नाही, बहुतेकांची चूक इथेच होते. उद्यान साधंच आहे, बघण्याजोगं असं काही नाही, तरीही जा. सर्कलपासून इथपर्यंत गाडी चालवली की ‘आमच्या चौकात नको’ हे अंतरानं कळतं.

तिथून दक्षिणेला, दोनेक किलोमीटरवर डॉ. मार्टिन लूथर किंग रस्त्यावर अ‍ॅटक्सची मूळ इमारत उभी आहे. शाळा अजून चालू आहे, २०१७ साली तिच्या मुलांनी ३ए गटाचं (आता शाळांच्या आकारानुसार गट असतात) राज्य विजेतेपद जिंकलं. आत संग्रहालय आहे, पण चालत्या शाळेत अचानक जाऊन दार वाजवणं बरं नव्हे. आधी फोन करून वेळ ठरवा, सुट्ट्यांचे दिवस टाळा. आणि तिथे फक्त चषक शोधू नका. शिक्षकांची माहिती मिळाली तर जरूर वाचा. काळ्या विद्वानांना विद्यापीठं दारात उभं करत नव्हती, त्यामुळे पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट घेतलेली माणसं इथे हायस्कूलच्या वर्गावर शिकवत होती. क्रोंच्या संघामागे ही शाळा होती.

हिंकल एकटं बघायला एक तास बास. चारही ठिकाणं मिळून तीन-चार तास धरा, गाडी लागेलच. क्रम मात्र हाच ठेवा : हिंकल, सर्कल, पार्क, शाळा. शाळेपासून सुरुवात केलीत तर पार्कमध्ये का आणलं, हे बरोबरच्या मुलांना समजावताना पुरेवाट होते.