उशाशी ठेवायचं साधं गजराचं घड्याळ: चौदा महिने वापरल्यावर

"फोनमध्ये गजर असताना घड्याळ कशाला?" असं घरात सगळ्यांनीच विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. फोनमध्ये हवे तितके गजर लावता येतात, हवा तो आवाज निवडता येतो. पण मला फोन झोपायच्या खोलीतून बाहेर काढायचा होता आणि दर वेळी त्या गजराच्या निमित्तानंच तो परत उशाशी येऊन बसायचा. म्हणून घड्याळ घेतलं. चौदा महिने रोज वापरलंय, तेव्हा आता त्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल.

आधी माझं काम सांगते, कारण त्याशिवाय हे घड्याळ मला का लागलं ते कळणार नाही. मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत ऑपरेशन्सला आहे. कंटेनर बुक करायचे, बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचे मसुदे तपासायचे, जहाज कुठवर आलं ते बघायचं, माल उशिरा सुटला तर डेमरेज, म्हणजे त्या उशिराचा दंड, कुणाच्या माथी बसणार यावर दिवसभर फोनाफोनी करायची. इथे रात्र होते तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी बंदरात भर दुपार असते. त्यामुळे मेसेज थांबत नाहीत.

तरी पूर्वी वेळापत्रकावर थोडाफार भरवसा ठेवता यायचा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे अजस्र मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं होतं, तेव्हा आम्ही म्हणत होतो की याहून वाईट आठवडा आता आयुष्यात येणार नाही. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज येमेनच्या हूथी बंडखोरांनी ताब्यात घेतलं, जहाजांवरचे हल्ले वाढत गेले आणि डिसेंबरपासून एकेका मोठ्या कंपनीनं आपली जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. आशियातून युरोपला निघालेला माल त्यामुळे १०-१४ दिवस उशिरा पोचायला लागला. माझ्या एक्सेल शीटमधला ईटीएचा, म्हणजे जहाज पोचायच्या अपेक्षित वेळेचा कॉलम रोज लाल व्हायचा. आणि प्रत्येक गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारायचं: नक्की कधी?

नक्की कधी ते मला कुठून कळणार? बातम्यांतून. म्हणून मी बातम्या बघायला लागले. आधी कामापुरत्या, मग जेवताना, मग अंथरुणात. एक गोष्ट मनापासून सांगते. कुठेतरी बॉम्ब पडल्याची बातमी आली की माझ्या मनात पहिला विचार यायचा, आपलं कुठलं जहाज तिथून जातंय? तिथल्या माणसांचा विचार त्यानंतर यायचा. तो क्रम लक्षात आला त्या रात्री मला झोप लागली नाही. शास्त्रज्ञांचं एक प्रतीकात्मक घड्याळ आहे, जग सर्वनाशाच्या किती जवळ आलंय ते दाखवणारं; मध्यरात्र म्हणजे सर्वनाश. १९४७ साली ते मध्यरात्रीला सात मिनिटं कमी असं लावलं होतं, १९९१ मध्ये सतरा मिनिटांपर्यंत मागे नेलं होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये ८९ सेकंदांवर आणलं. ही बातमी मी रात्री एक वाजता वाचली, दिवा मालवून, पांघरुणात, फोन तोंडाशी धरून. वाचून करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी पुढची बातमी उघडली.

शेवटी घडायचं ते घडलं. रात्री २:४० ला एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "काही अपडेट?" निळ्या टिका पडल्या की माणूस उत्तराची वाट बघतो, म्हणून मी अर्धवट झोपेत आठवणीतून तारीख टाकली. ती त्याच गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या कंटेनरची होती. त्यानं त्या तारखेला ट्रक लावले, हमाल बोलावले, आणि माल आलाच नाही. मला मेलवर मेल आले, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर खुलासा द्यावा लागला. चूक माझी होती, मी ती मान्य केली. पण त्या अख्ख्या मीटिंगमध्ये एकानंही विचारलं नाही की ही बाई पहाटे पावणेतीनला उत्तरं का देत होती. तो सल अजून आहे.

त्याच आठवड्यात घड्याळ घेतलं.

तळहातावर मावेल असं चौकोनी, प्लॅस्टिकचं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे. चार काटे: तास, मिनिट, सेकंद आणि गजराचा एक बारका नारिंगी काटा. मागे फिरवायच्या दोन चकत्या, एक वेळेची, एक गजराची. बाजूला गजर चालू-बंद करायची सरकती कळ. वरच्या बाजूला एक मोठी पट्टी आहे, ती दाबली की तबकडीत छोटा दिवा लागतो आणि गजर वाजत असेल तर पाचेक मिनिटं गप्प होतो. एक पेन्सिल सेल लागतो. वायफाय नाही, ॲप नाही, खातं उघडायला लागत नाही. अशी घड्याळं बऱ्याच कंपन्या बनवतात आणि आतली यंत्रणा एकाच जातीची असते, त्यामुळे कंपनीपेक्षा काय बघून घ्यायचं तेच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सेकंदकाटा. मी आधी आणलेल्या घड्याळाचा काटा टिकटिक करत उड्या मारत जायचा. दुकानाच्या गोंगाटात ते कळत नाही. रात्री खोली शांत झाली की प्रत्येक ठोका कानात येऊन पडतो, आणि ज्याच्या डोक्यात आधीच तारखा फिरतायत त्याला ते मोजल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन बदलून आणलं. आताच्या घड्याळाचा काटा न थांबता सरकत जातो, कानाशी धरलं तरच बारीकशी घरघर ऐकू येते. दुकानात घड्याळ कानाला लावून बघा, लाजू नका. कमी झोपेच्या माणसांसाठी एवढी एकच गोष्ट महत्त्वाची आहे.

दुसरी, गजराचा अचूकपणा. गजराच्या काट्यावर मिनिटांच्या खुणा नाहीत, पाव-पाव तासाच्या आहेत. सहाला लावलेला गजर कधी सहाला पाच कमी असताना होतो, कधी सहा वाजून चार मिनिटांनी. गाडी गाठायची असेल तर दहा मिनिटं आधीचा लावा. शिवाय तबकडी बारा तासांची, त्यामुळे कळ चालू राहिली तर संध्याकाळी सहालाही गजर होतो. पहिल्या महिन्यात हे तीनदा झालं. माझ्या घड्याळात गजराची चकती फक्त बाणाच्या दिशेनंच फिरवायची आहे. उलटी फिरवली तर अडते, आणि जोर केला तर आतले दाते जातील. घरात मुलं असतील तर त्यांना हे आधीच दाखवून ठेवा.

वेळ मात्र चोख दाखवतं. या सगळ्या घड्याळांत क्वार्ट्झचा एक बारका स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आतलं सर्किट हा आकडा पंधरा वेळा निम्मा करतं, की बरोब्बर एक सेकंद उरतो. असलं पहिलं घड्याळ १९२७ साली प्रयोगशाळेत बनलं, तेव्हा ते कपाटाएवढं होतं. आज तेच तंत्र माझ्या उशाशी एका सेलवर चालतंय आणि माझ्याबद्दल त्याला काहीही ठाऊक नाही: मी जागी आहे की झोपलेय, मेसेज वाचला की नाही. मला याचं फार बरं वाटतं.

गजराचा आवाज आधी हलका, मग भरभर, मग कानठळ्या बसतील असा. मी दुसऱ्या टप्प्यालाच उठते. दिवा मिणमिणता आहे, चष्म्याशिवाय वेळ दिसत नाही. पण काट्यांवर हिरवट चमकणारा रंग आहे, तो उजेडात भरून घेतो आणि अंधारात दोनेक तास पुरतो. हा रंग आता निर्धोक असतो. पूर्वी त्यात रेडियम हा किरणोत्सर्गी धातू असायचा. १९१७ पासून अमेरिकेतल्या कारखान्यांत तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या त्या रंगानं रंगवायच्या आणि ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायच्या, कारण त्यांना तसंच शिकवलं होतं, धोका नाही असं सांगितलं होतं. घरी गेल्यावरही त्यांचे केस, कपडे अंधारात चमकायचे. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडं झिजली, कितीतरी जणी गेल्या. पाच जणींनी दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली. रात्री त्या हिरव्या काट्यांकडे बघताना मला त्या मुली आठवतात. कामावरून घरी येऊन आरशासमोर उभ्या राहिलेल्या, अंगभर कामाचा उजेड घेऊन.

पहिल्या रात्रींबद्दल सांगायलाच हवं. फोन बाहेर जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावला आणि आडवी झाले. दर थोड्या वेळानं हात आपोआप उशीखाली जायचा. तिथे गार चादर. छातीत धडधडायचं, आत्ता काहीतरी आलं असेल आणि मी बघत नाहीये. तीन रात्री उठून बाहेर जाऊन बघून आले. चौथ्या रात्री उठले नाही. साधारण दोन आठवड्यांनी हात शोधायचा थांबला.

खरी काळजी बाबांची होती. ते एकटे राहतात, पंच्याहत्तरीचे आहेत. रात्री त्यांचा फोन आला आणि मला कळलंच नाही तर? त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, मी मेसेज कधी करतो? मला काही झालं तर मी फोनच करणार." हे खरंच होतं. मग फोनच्या सेटिंगमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं आणि फक्त बाबा, बहीण आणि त्यांच्या शेजारच्या काकू यांचे कॉल वाजतील असं करून ठेवलं. दार उघडं ठेवलं की रिंग खोलीत ऐकू येते. या चौदा महिन्यांत ती रात्री एकदाच वाजली, आणि मी पहिल्या रिंगला जागी झाले. ज्यांच्या घरी आजारी किंवा म्हातारं माणूस आहे त्यांनी ही सोय आधी करावी, मग घड्याळ आणावं.

घड्याळानं ऑफिस बदललं नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पहिल्या आठवड्यात सहकारी म्हणाली, "अगं, रात्री ऑनलाइन नव्हतीस? सर विचारत होते." मी म्हटलं, झोपले होते. एवढं बोलायलाही मला आवाज गोळा करावा लागला. पुढे मी सरांशी नीट बोलले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज छापून नेला होता: २०१६ या एका वर्षात जास्त तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकारानं ७ लाख ४५ हजार माणसं गेली, आणि जास्त तास म्हणजे आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक. आम्ही सगळेच त्याच्या पुढे होतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क टाळण्याचा हक्क कायद्यात आलाय, हेही सांगितलं. सर म्हणाले, "आपलं काम वेगळं आहे." काम वेगळं आहे हे मला मान्य आहे. शरीर वेगळं नाही.

दोन महिने गेल्यावर रात्रीसाठी पाळ्या ठरल्या. आता आठवड्यातून एकच रात्र माझी. त्या रात्री फोन उशाशी असतो आणि घड्याळ खिडकीत. दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा मागितलीय, ती अजून मिळालेली नाही, आणि मी ती मागत राहणार आहे. डॉक्टर, नर्स, वीज-पाण्याच्या तातडीच्या सेवेतली माणसं यांना हे घड्याळ एकट्यानं पुरणार नाही, त्यांच्या पाळ्याच नीट लागायला हव्यात.

बातम्या मी आता सकाळी वाचते, आंघोळ झाल्यावर, खुर्चीत बसून, अर्धा तास. त्या तितक्याच वाईट असतात. पण बसून वाचलं की एखादी बातमी शेवटपर्यंत वाचली जाते, गावांची नावं लक्षात राहतात, माणसांची संख्या आधी दिसते आणि जहाजाचा विचार नंतर येतो.

तक्रारी अजून दोन. मागचं सेलचं झाकण तकलादू आहे, माझ्या झाकणाचा एक दात पहिल्याच महिन्यात तुटला, आता चिकटपट्टी लावलीय. आणि सेल उतरायला लागला की घड्याळ सांगत नाही, नुसतं मागे पडत जातं. माझं तेराव्या महिन्यात वीस मिनिटं मागे पडलं आणि मला उशीर झाला. आता नव्या सेलवर पेनानं तारीख लिहून टाकलीय. सेल गळण्याआधी, साधारण वर्षानं, न विसरता बदला.