खाऱ्या पाण्याच्या टँकचा टेम्परेचर कंट्रोलर : हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल: घ्यावा. पण तापमानाचा आकडा किती ठेवायचा हे कंट्रोलर सांगत नाही, ते आपणच ठरवायचं असतं. खरी गोम तिथेच आहे.

माझा कंट्रोलर दोन आउटलेटचा, साधा. एकावर हीटर, दुसऱ्यावर सम्पच्या (टँकला जोडलेल्या, खालच्या टाकीच्या) पाण्यावर वारा मारणारा पंखा. पाण्यातला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बघून तो दोन्ही चालू-बंद करतो. टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी आणि थोडे मऊ कोरल (प्रवाळ). अशा टँकला २४ ते २७ अंश सेल्सिअस चालतं. समुद्रातल्या कितीतरी प्रवाळभिंती याहून उबदार पाण्यात वाढतात, म्हणून २८ ठेवा म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. २५ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो सहाच्या थोडा वर उरतो. त्यात पाणी तापलं की मासे आणि बॅक्टेरिया दोघांचीही प्राणवायूची भूक वाढते. रात्री पंप थांबला तर हाच फरक महागात पडतो. म्हणून माझं सेटिंग २५.५. वर चढायला जागा राहते आणि एखादा अंश खाली गेला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

हीटर २५.२ ला चालू, २५.५ ला बंद, पंखा २६.३ ला चालू. मधलं अंतर मुद्दाम ठेवलंय, नाहीतर एक तापवणार, दुसरा थंड करणार आणि वीज दोघंही खाणार. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट मी २७ वर ठेवतो. कंट्रोलरचा रिले (आतला वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटून हीटर चालूच राहिला तर तो तरी वीज तोडेल, म्हणजे पुढची वाढ थांबवेल. एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे लावण्यामागेही तोच हिशोब: एक अडकला तरी एकट्याने टँक शिजवू शकत नाही.

पंख्याने मला खूश केलं. १ लिटर पाण्याची वाफ होताना १०० लिटर पाणी ५ अंशांहून जास्त उतरेल इतकी उष्णता निघून जाते. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे २-३ अंश उतरले तरी उत्तम. हवा दमट असली की पंख्याचा जोर ओसरतो. तिथे चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. आणि वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, रोज, शक्यतो ऑटो टॉपअपने, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्राने.

तक्रारी आहेत. अलार्म इतका मिणमिणीत की शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. प्रोबची वायर आखूड. प्रोबवर क्षार बसले की आकडा उशिरा हलतो. महिन्यातून एकदा व्हिनेगरने पुसून काचेच्या थर्मामीटरशी ताडून बघतो. सर्वात मोठी उणीव म्हणजे प्रोब पाण्याबाहेर आला तर या यंत्राला ते कळत नाही. सम्पमधली पातळी उतरली, प्रोब उघडा पडला आणि खोली गार असली, तर ते हवेचं तापमान वाचून हीटर चालूच ठेवणार. त्यामुळे प्रोब पंपाच्या कप्प्यात नको, स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्यात लावा. तिथली पातळी सहसा स्थिर असते.